तुकड्यांत आलेली झिप, रार किंवा सेव्हन-झेड फाइल उघडत नाही तेव्हा

कॉपीराइटची मुदत संपलेली जुनी पुस्तके आणि वाचनालयाच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन करून एकमेकांना पाठवण्याचे काम आमच्याकडे सुरू झाले, तेव्हापासून एक तक्रार ठरलेली आहे. झिप, रार किंवा सेव्हन-झेड म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेले गाठोडे, आणि ते मोठे असले की कापून तुकड्यांत पाठवले जाते. अशा नऊ फाइली उतरवल्या, नऊच्या नऊ फोल्डरमध्ये दिसतात, आणि उघडायला गेले की संगणक 'फाइल खराब आहे' असे सांगतो. तक्रार येते तोवर त्या माणसाने बहुधा सगळ्या फाइली पुन्हा एकदा उतरवून पाहिलेल्या असतात आणि दिवसाचा डेटा संपवलेला असतो.

खरोखर खराब झालेली फाइल मला क्वचितच भेटली आहे. बहुतेक वेळा एखादा तुकडा अर्धवट उतरलेला असतो, एखाद्याचे नाव बदललेले असते, भलत्याच तुकड्यावर क्लिक केलेले असते, किंवा समोर दिसतात ते एका फाइलीचे तुकडे नसतातच. याच गोंधळात माणूस 'तुटलेली फाइल दुरुस्त करून देतो' असे म्हणणारे एखादे अनोळखी सॉफ्टवेअर शोधून बसवतो, आणि तोवर नुसती अडचण होती तिथे धोका तयार होतो. असे सॉफ्टवेअर शोधण्याच्या आधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात. त्यांना दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

एक खुलासा आधीच करतो. फाइलींची नावे आणि एक्स्टेन्शन मी येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत दिसतील. एक्स्टेन्शन म्हणजे नावातील शेवटच्या टिंबानंतरचा भाग. विंडोज तो मुळात लपवून ठेवते, आणि तो दिसत नसेल तर यापुढील काहीच नीट समजणार नाही. म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूमध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' ही खूण आधी चालू करावी.

तुकडे नेमके कोणत्या प्रकारचे आहेत

मोठी फाइल कापून पाठवण्याची पद्धत फ्लॉपीच्या काळापासूनची आहे. सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याचा आकार निवडण्याच्या यादीत साडेतीन इंची फ्लॉपीसाठी १४,५७,६६४ बाइट हा आकडा आजही टिकून आहे. आज कारणे बदलली आहेत. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, याहून मोठी एकच फाइल मावत नाही. जीमेलमधून २५ एमबीपलीकडे जोडणी (अटॅचमेंट) जात नाही. शिवाय ई-मेलमध्ये जोडणीचे रूपांतर होताना तिचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो, त्यामुळे मर्यादेच्या जवळचा तुकडा कधी परतही येऊ शकतो. कारण कोणतेही असो, कापण्याची पद्धत मात्र प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी आहे, आणि उघडण्याची रीत त्या पद्धतीवर ठरते.

सर्वांत सरळ पद्धत सेव्हन-झेडची. येथे आधी एक सलग फाइल तयार होते आणि मग ती सुरीने पाव कापावा तशी ठरावीक आकाराला कापली जाते. तुकड्यांची नावे 'स्कॅन.७झेड.००१', 'स्कॅन.७झेड.००२' अशी येतात. तुकड्यांमध्ये स्वतःची ओळख सांगणारे काही नसते. फक्त पहिल्या तुकड्याच्या आरंभी एक छोटी खूण असते, आणि आत काय काय आहे याची यादी संपूर्ण फाइलीच्या शेवटी, म्हणजे शेवटच्या तुकड्यात असते. त्यामुळे उघडायचा तो नेहमी ००१, पण शेवटचा तुकडा नसेल तर ००१ सुद्धा आपल्या पोटात काय आहे ते सांगू शकत नाही. मधला एखादा क्रमांक नसेल तरीही परिणाम तोच होतो, कारण सेव्हन-झिप क्रमांक तुटला त्या ठिकाणी थांबते आणि पुढचे तुकडे पाहतच नाही.

रारची पद्धत निराळी आहे. येवगेनी रोशाल यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या या प्रकारात प्रत्येक भागाला स्वतःचे शीर्षक (हेडर, म्हणजे आरंभीची ओळखनोंद) असते, आणि आपण मालिकेतील एक भाग आहोत हे त्याला ठाऊक असते. नव्या पद्धतीची नावे 'स्कॅन.पार्ट१.रार', 'स्कॅन.पार्ट२.रार' अशी असतात. जुन्या पद्धतीत पहिला भाग 'स्कॅन.रार', दुसरा 'स्कॅन.आर००', तिसरा 'स्कॅन.आर०१' असा क्रम असतो. या जुन्या नावांनी अनेकांना चकवले आहे, कारण शून्य-शून्य हाच पहिला असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आर०० हा दुसरा असतो आणि उघडायची ती साधी रार फाइल. प्रत्येक भागाला स्वतंत्र शीर्षक असल्यामुळे रारचे भाग एकामागे एक नुसते चिकटवून एक फाइल बनत नाही, हेही लक्षात ठेवावे.

झिपचा कारभार उलटा आहे. तिच्यात 'स्कॅन.झेड०१', 'स्कॅन.झेड०२' असे तुकडे येतात आणि 'स्कॅन.झिप' हा सर्वांत शेवटचा तुकडा असतो. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेल्या झिप प्रकारात आतील फाइलींची मुख्य यादी शेवटी असते, म्हणून शेवटच्या तुकड्याला मूळ नाव मिळते आणि उघडायचा तोच. गंमत अशी की विंडोजला आणि मॅकला ही 'झिप' ओळखीची वाटते, ते ती आपल्या परीने उघडायला जातात, बाकीच्या तुकड्यांकडे पाहत नाहीत आणि 'ही झिप अवैध आहे' असे सांगून मोकळे होतात. मॅकवर तर कधी झिपमधून एक सीपीजीझेड फाइल निघते, ती उघडली की पुन्हा झिप निघते, आणि हे चक्र संपतच नाही. फाइल यात निर्दोष असते. विंडोजवर सेव्हन-झिप किंवा विनरार आणि मॅकवर केका किंवा द अनआर्कायव्हर यांच्याकडून उघडायला लावले की काम होते. विंडोज ११ ला ऑक्टोबर २०२३ पासून रार आणि सेव्हन-झेड फाइली स्वतःहून उघडता येऊ लागल्या आहेत. तरी तुकडे जोडण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे, आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या तक्रारींत त्याचाच वाटा मोठा आहे. गुगल ड्राइव्हवरून मोठे फोल्डर उतरवले की ते अनेक झिप फाइलींत येते आणि नावांच्या शेवटी '-००१.झिप', '-००२.झिप' असे आकडे असतात. गुगल टेकआउटमधून (गुगलकडील आपला डेटा उतरवून घेण्याची सोय) आपली छायाचित्रे मागवली की तीही अशीच येतात. हे तुकडे नव्हेत. यांतील प्रत्येक झिप स्वतंत्र आणि पूर्ण आहे. मूळ फोल्डरमधील काही फाइली एका झिपमध्ये आणि काही दुसऱ्या झिपमध्ये वाटून भरल्या आहेत, इतकेच. त्या 'जोडायला' गेलात तर काहीच साधणार नाही. प्रत्येक झिप एकाच ठिकाणी, एकाच नव्या फोल्डरमध्ये उघडावी, म्हणजे एकाच नावाची आतली फोल्डरे आपोआप एकमेकांत मिसळतात. येथे 'फाइल आधीपासून आहे, बदलायची का' असा प्रश्न आला तर घाईने 'हो' म्हणू नये. आधी दोन्हींचे आकार पाहावेत. ओळखण्याची साधी खूण अशी की खऱ्या तुकड्यांत क्रमांक एक्स्टेन्शनमध्ये असतो किंवा 'पार्ट' या शब्दाला चिकटून येतो, आणि या प्रकारात तो झिपच्या आधी, संयोगचिन्हानंतर येतो.

कधी पहिला भाग 'स्कॅन.पार्ट१.ईएक्सई' असा येतो. पाठवणाऱ्याने 'आपोआप उघडणारी' फाइल बनवलेली असते. तिच्यावर दोनदा क्लिक करणे म्हणजे एक प्रोग्राम चालवणे होय, आणि त्याची काही गरज नसते. उजवे क्लिक करून ती सेव्हन-झिप किंवा विनरारने 'आर्काइव्ह' (दाबलेले गाठोडे) म्हणून उघडता येते. ती खरोखर तशी फाइल असेल तर आतील यादी दिसेल. यादी दिसत नसेल तर ती फाइल चालवू तर मुळीच नये.

आधी मोजणी

प्रकार ठरला की सर्व तुकडे एकाच फोल्डरमध्ये आणावेत आणि मोजावेत. येथे मोजणे म्हणजे संख्या मोजणे एवढेच नव्हे. शेवटचा सोडून सर्व तुकडे बाइटमध्ये अगदी समान असायला हवेत. सेव्हन-झिपमध्ये १०० एमबीचे तुकडे केले असतील तर प्रत्येक तुकडा १०,४८,५७,६०० बाइटचाच असेल आणि शेवटचा तेवढा लहान असेल. झिपमध्ये काही बाइटचा फरक पडू शकतो, कारण तिचे शीर्षक दोन तुकड्यांत मोडता येत नाही. सेव्हन-झेड आणि रारमध्ये मात्र एक बाइट कमी असला तरी संशय घ्यावा. एक्स्प्लोररच्या स्तंभात आकार केबीमध्ये, पूर्णांक करून दिसतो, त्यामुळे तेथे सगळे सारखेच वाटतात. प्रत्येक फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'साइझ' पाहावा. त्याखालचा 'साइझ ऑन डिस्क' हा आकडा या कामाचा नाही. शेवटचा तुकडाही इतरांइतकाच भरला, तर बहुधा त्याच्या पुढे आणखी एखादा तुकडा राहिला आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या नऊ फाइलींच्या एका प्रकरणात आठ फाइली ठीक होत्या आणि चौथी ४१ केबीची होती. ती नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा आरंभी एचटीएमएलचा मजकूर दिसला. लॉगिनची मुदत मध्येच संपली होती, आणि ब्राउझरने फाइलीऐवजी 'पुन्हा लॉगिन करा' हे पान त्याच नावाने जपून ठेवले होते. ही तपासणी कोणालाही करता येते. रारचा प्रत्येक भाग 'आर-ए-आर' या अक्षरांनी आणि उद्गारचिन्हाने सुरू होतो. सेव्हन-झेडचा फक्त पहिला तुकडा 'सात-झेड'ने सुरू होतो. झिपच्या पहिल्या तुकड्याच्या आरंभी 'पी-के' ही अक्षरे असतात, आणि ती फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत. त्यापुढे जे अगम्य दिसते ते तसेच असायचे. फक्त ते नोटपॅडमध्ये 'सेव्ह' करू नये, नाहीतर चांगली फाइल आपणच बिघडवू.

अर्धवट उतरलेल्या फाइलीची आणखी एक खूण नावात असते. क्रोम अपुऱ्या फाइलीला 'सीआरडाउनलोड' हे शेपूट लावतो आणि फायरफॉक्स 'पार्ट' लावतो. हे दुसरे शेपूट रारच्या 'पार्ट'शी गल्लत करायला लावते: 'स्कॅन.पार्ट३.रार.पार्ट' अशी फाइल दिसली तर ती तिसऱ्या भागाची अर्धवट प्रत आहे, आणि शेवटचे 'पार्ट' खोडून टाकल्याने ती पूर्ण होणार नाही.

आकार बरोबर असूनही फाइल चुकीची असू शकते. काही डाउनलोड मॅनेजर सुरुवातीलाच पूर्ण जागा राखून ठेवतात, मग मध्ये इंटरनेट तुटले की आकार पूर्ण आणि पोटात शून्ये, असा प्रकार होतो. अशा वेळी उपयोगी पडते ते चेकसम, म्हणजे फाइलीतील प्रत्येक बाइटवरून काढलेली एक ठरावीक लांबीची संख्या. एक बिट जरी बदलला तरी ती पार बदलते. सेव्हन-झिप बसवलेले असेल तर फाइलीवर उजवे क्लिक केल्यावर 'सीआरसी एसएचए' हा पर्याय मिळतो, त्यातून एसएचए-२५६ हा चेकसमचा प्रकार निवडावा आणि पाठवणाऱ्याकडील आकड्याशी ताडून पाहावा. जो तुकडा जुळत नाही तेवढाच पुन्हा मागवावा. नऊही तुकडे नव्याने उतरवण्याचे कारण नाही. एकाच फाइलीचा चेकसम प्रत्येक वेळी निराळा येऊ लागला तर दोष फाइलीत नसून पेन ड्राइव्ह, केबल किंवा संगणकाच्या मेमरीत आहे, आणि तो शोधेपर्यंत बाकीची खटपट व्यर्थ आहे.

नावांचा घोळ

आकार जुळले, तरी सॉफ्टवेअर पुढचा तुकडा शोधते ते केवळ नावावरून. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर नावात कंसातला १ घालतो, आणि 'स्कॅन.पार्ट४ (१).रार' हा भाग डोळ्यांसमोर असूनही विनरारला सापडत नाही. कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवताना एखाद्याच तुकड्याचे नाव 'नवीन' म्हणून बदललेले असते. क्रमांकातील शून्येही महत्त्वाची आहेत: बाकीचे भाग 'पार्ट०१', 'पार्ट०२' असे असतील तर एकच 'पार्ट३' चालत नाही. नाव बदलताना क्रमांकापुरतीच दुरुस्ती करावी. एक्स्टेन्शन दिसत नसताना नाव बदलले तर 'स्कॅन.७झेड.००१.७झेड' अशी विचित्र फाइल तयार होते आणि मग आपण दुसऱ्याच दोषाच्या मागे लागतो. ००१ ला झिपचे नाव दिले म्हणजे ती झिप होते, हाही असाच एक गैरसमज आहे.

मराठी नावांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मराठी माणसालाच कळतो. जुन्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या झिपमध्ये आतील देवनागरी नावे युनिकोडमध्ये असल्याची खूण नसते, त्यामुळे उघडल्यावर नावांच्या जागी चौकोन, रेघा आणि परकी अक्षरे दिसतात. अशा फाइलीतील मजकूर शाबूत असतो. बिघडलेली असतात ती केवळ नावे. दुसरी अडचण लांबीची. लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाइलीच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'प्रस्तावना' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण जोडाक्षरांतील हलन्त आणि काने धरून त्यात दहा चिन्हे भरतात, म्हणजे ३० बाइट. त्यामुळे पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, आवृत्ती आणि साल एकाच नावात भरण्याची आपली सवय ८५ चिन्हांच्या पुढे गेली की विंडोजवर सुरळीत उघडणारी फाइल फोनवर 'तयार करता येत नाही' अशी अडून बसते. विंडोजवरही फोल्डरांच्या उतरंडीसह पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला तर अनेक प्रोग्राम अडखळतात. यावर उपाय म्हणून फाइली सी ड्राइव्हवर थेट एका लहान नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन उघडाव्यात.

संदेश काय सांगतो

'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह' याचा अर्थ मजकूर अपेक्षेपेक्षा लवकर संपला: तुकडा कमी आहे, नावामुळे सापडत नाही किंवा शेवटचा अर्धवट आहे. 'कॅन नॉट ओपन फाइल अॅज आर्काइव्ह' हा संदेश आला तर बहुधा आपण मधल्या तुकड्यावर क्लिक केले आहे. विनरार 'आधीच्या भागापासून सुरुवात करा' असे म्हणत असेल तर ते अक्षरशः खरे मानावे. 'सीआरसी फेल्ड', 'डेटा एरर' किंवा 'चेकसम एरर' यांचा अर्थ सर्व भाग सापडले, पण एखाद्यातील मजकूर बदललेला आहे. येथे वरची चेकसमची रीत वापरावी.

'राँग पासवर्ड' दिसले तर पासवर्ड नव्याने, हाताने टाइप करून पाहावा. संदेशातून कॉपी करताना शेवटी एखादी मोकळी जागा येते, फोन पहिले अक्षर आपोआप मोठे करतो, आणि मराठी कीबोर्ड चालू असला तर १२३ देवनागरीत उमटते. असल्या कारणांनी मी एकदा अर्धी संध्याकाळ घालवली आहे.

डिस्कवरील जागेचीही तपासणी करावी. तुकडे आणि उघडलेल्या फाइली दोन्ही एकाच वेळी मावल्या पाहिजेत, आणि सॉफ्टवेअरच्या खिडकीतून फाइली ओढून बाहेर टाकल्या तर त्या आधी सी ड्राइव्हवरील तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडल्या जाऊ शकतात. ई ड्राइव्ह रिकामा असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो तो त्यामुळे. ओढून टाकण्याऐवजी 'एक्स्ट्रॅक्ट' वापरून ठिकाण स्वतः सांगावे.

उघडताना घ्यायची काळजी

तुकड्यांतील फाइलीचा विशेष धोका असा की अँटिव्हायरसला सुट्या तुकड्यात काही ओळखू येत नाही, आणि पासवर्ड असेल तर पूर्ण जोडलेल्या फाइलीच्या आतही त्याला पाहता येत नाही. म्हणजे तपासणी खऱ्या अर्थाने होते ती उघडल्यानंतरच. त्यामुळे 'अँटिव्हायरस बंद करा, मग उघडेल' अशी सूचना सोबत आली असेल तर तेथेच थांबावे. फाइल उघडता उघडता अँटिव्हायरसने एखादी आतली फाइल उचलून बाजूला ठेवली तरी सॉफ्टवेअर 'लिहिता येत नाही' अशी तक्रार करते. तेव्हा दोष तुकड्यांत शोधत बसण्याआधी अँटिव्हायरसच्या नोंदी पाहाव्यात.

उघडणारे सॉफ्टवेअर स्वतः ताजे असणे ही दुसरी अट आहे, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. दहा वर्षांपूर्वी बसवलेली प्रत आजही मुकाट्याने चालते. २०१९ च्या फेब्रुवारीत चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी विनरारमधील असा एक दोष उघड केला, जो सुमारे १९ वर्षे तसाच होता आणि ज्यामुळे फाइल आपण सांगितलेल्या फोल्डरऐवजी विंडोज सुरू होताना चालणाऱ्या फोल्डरमध्ये जाऊन बसू शकत होती. त्याच धर्तीचा आणखी एक दोष २०२५ मध्ये प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला गेल्याचे आढळले आणि जुलैअखेर आलेल्या ७.१३ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. सेव्हन-झिपही २५.०० किंवा त्यापुढचे असावे. दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत, जाहिरातीतून आलेल्या दुव्यावरून नव्हे.

सेव्हन-झिपमध्ये आणखी एक बदल करून ठेवावा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य शिक्का मारते, आणि त्या शिक्क्यामुळेच वर्ड किंवा एक्सेल ती फाइल सावधपणे, मॅक्रो (फाइलीत दडलेल्या, आपोआप चालू शकणाऱ्या आज्ञा) रोखून उघडते. फाइल झिपमधून बाहेर काढली की हा शिक्का गळून पडण्याची शक्यता असते. सेव्हन-झिपच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'प्रॉपगेट झोन आयडी स्ट्रीम' असा पर्याय २०२२ पासून आहे. तो 'येस' करावा, म्हणजे बाहेर आलेल्या फाइलींनाही तोच शिक्का लागतो.

प्रत्यक्ष उघडण्याआधी योग्य तुकडा सॉफ्टवेअरमध्ये नुसता पाहावा आणि आतील यादी वाचावी. पुस्तकाच्या स्कॅनमध्ये पीडीएफ किंवा चित्रांच्या फाइली असाव्यात; तेथे 'पुस्तक.पीडीएफ.ईएक्सई' दिसली, किंवा एससीआर, जेएस, एलएनके असे, क्लिक करताच काही चालवू शकणारे एक्स्टेन्शन दिसले, तर ती चूक नसून डाव आहे. यादीतील मूळ आकारांकडेही नजर टाकावी. स्कॅन केलेली पाने आधीच दाबलेली असतात, झिप करून ती फारशी लहान होत नाहीत. ८५० एमबीच्या तुकड्यांतून ४०० जीबी निघणार असे यादी म्हणत असेल तर ती डिस्क भरून संगणक बंद पाडण्यासाठी रचलेली फाइल समजावी. अशी एक ४२ केबीची झिप प्रसिद्ध आहे, तिच्यातून पूर्ण उलगडल्यावर ४.५ पेटाबाइट, म्हणजे सुमारे ४५ लाख जीबी, निघतात. यादी ठीक वाटली की 'टेस्ट' हे बटण दाबावे. त्यात फाइली डिस्कवर न लिहिता सर्व तुकडे वाचून पडताळले जातात. त्यानंतर एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडावे, त्या फोल्डरवर अँटिव्हायरस चालवावा, आणि मगच आतील फाइलींना हात लावावा. आत 'पासवर्डसाठी या दुव्यावर जा' असे सांगणारी एखादी टेक्स्ट फाइल आणि पासवर्ड लावलेली दुसरी झिप एवढेच निघाले, तर तो सगळा संच पुसून टाकावा.

बँकेची कागदपत्रे, आधार किंवा नोंदवह्यांतील सभासदांची माहिती असलेली फाइल 'ऑनलाइन जोडून देणाऱ्या' संकेतस्थळावर चढवू नये. ती दुसऱ्याच्या संगणकावर गेली की परत घेता येत नाही.

तुकडा खरोखरच हरवला असेल तर

रारसोबत 'रेव्ह' एक्स्टेन्शनच्या फाइली आल्या असतील तर त्या फेकून देऊ नयेत. जितक्या रेव्ह फाइली, तितके कोणतेही हरवलेले भाग विनरार पुन्हा तयार करू शकते. त्या नसल्या आणि पाठवणाऱ्याकडेही मूळ प्रत उरली नसेल, तर विनरारमध्ये उघडताना 'कीप ब्रोकन फाइल्स' ही खूण करावी, म्हणजे हाती लागेल तेवढे तरी निघते. रार 'सॉलिड' पद्धतीने, म्हणजे आतील सर्व फाइली एकाच सलग प्रवाहात दाबून, बनवलेली असेल तर मात्र एका बिघाडानंतरच्या सगळ्याच फाइली जातात. सेव्हन-झेडचा शेवटचा तुकडा गेला की यादीच गेली, आणि तेथे घरगुती उपाय जवळजवळ काही उरत नाही.

००१, ००२ असे नुसते कापलेले तुकडे सेव्हन-झिपशिवायही जोडता येतात, कारण ती फक्त कापलेली सलग फाइल असते. लिनक्स आणि मॅकवर 'कॅट' ही आज्ञा हे काम करते. विंडोजच्या 'कॉपी' आज्ञेने करायचे असेल तर तिरक्या रेघेसह 'बी' ही खूण विसरू नये. ती नसेल तर 'कॉपी' फाइलीला मजकूर समजते, विशिष्ट बाइट दिसताच तुकडा संपला असे धरते आणि जोडलेली फाइल लहान निघते. जोडल्यावर तिचा आकार सर्व तुकड्यांच्या बेरजेइतका आहे का ते पाहावे, आणि आतील फाइली उघडून खात्री होईपर्यंत मूळ तुकडे पुसू नयेत.

पाठवणाऱ्यांनाही एक विनंती. तुकड्यांसोबत एका साध्या टेक्स्ट फाइलीत तुकड्यांची संख्या, प्रत्येकाचा बाइटमधला आकार, एसएचए-२५६ आणि कोणता तुकडा उघडायचा हे लिहून द्यावे, पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये न देता फोनवर सांगावा, आणि रार बनवत असाल तर दोन रेव्ह फाइली जोडाव्यात. आमच्याकडे आता प्रत्येक संचासोबत 'आधी_वाचा' नावाची अशी फाइल जाते, आणि चौथ्या तुकड्यावर अडलेला माणूस आता एवढेच विचारतो की चौथा तुकडा पुन्हा पाठवता का.